हा अबोला नव्हे: ऑटिस्टिक जोडीदाराचा शटडाऊन आणि भरलेलं घर

पाऊलवाट:
नवरा ऑटिस्टिक आहे, निदान चौतिसाव्या वर्षी झालं. एकत्र कुटुंब, दोन बेडरूमचा फ्लॅट. शटडाऊन आला की दोन-तीन तास बोलणं पूर्ण बंद होतं. घरात त्याला "अबोला धरलाय" म्हणतात, मग समजूत काढायला एकामागून एक माणूस खोलीत येतो. पुढच्या महिन्यात आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती आहे, ये-जा धरून चाळीसेक माणसं.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. शटडाऊन चालू असताना नेमकं काय करायचं? गणपतीचे दोन दिवस कसे आखायचे? सासूबाईंना किती सांगायचं, आणि सरकारी दाखला काढण्यात काही अर्थ आहे का? "धीर धरा, प्रेमाने घ्या" हे सगळ्यांनी सांगून झालंय. कृती सांगा.

खिडकीपाशी:
अबोला धरलेला माणूस बोलू शकतो, पण बोलत नाही. शटडाऊनमध्ये बोलणंच हाताशी राहत नाही. आवाज, उजेड, माणसं, निर्णय यांचा भार एका मर्यादेपलीकडे गेला की मेंदू एकेक काम बंद करत जातो आणि बोलणं बहुधा लवकर जातं. भार तोच असतो. कुणाचा तो रडण्या-ओरडण्यातून बाहेर पडतो, तो मेल्टडाऊन. समजूत काढणं म्हणजे त्यात आणखी शब्द ओतणं. त्यामुळे दोन तासांचं चार तासांवर जातं.

आधीची चिन्हं ओळखायला शिका, खरा फायदा तिथे आहे. उत्तरं "हं", "माहीत नाही" इथवर आखडतात, आवाज सपाट होतो, चहा की कॉफी एवढंही ठरवता येत नाही. इथेच प्रश्न थांबवले तर पुष्कळदा पुढचं टळतं.

सुरू झालाच तर एकदाच आणि एकच वाक्य बोला: "कळलं. मी बाहेर आहे, साडेआठला डोकावते." मग खरोखर साडेआठलाच. ट्यूबलाइट बंद करा. पाण्याची बाटली हाताला लागेल अशी ठेवा, "पाणी हवं का?" विचारू नका, तोही प्रश्नच आहे. पंखा चालू की बंद, हात लावलेला चालतो की नाही, हे शांत दिवशी विचारून लिहून ठेवा. हळुवार हात फिरवणं अनेकांना असह्य होतं, पण जड गोधडी चालते. हे माणसागणिक वेगळं, अंदाज बांधू नका.

फोनवर तीन आकडे ठरवा. १ म्हणजे एकटं सोड, २ म्हणजे जवळ बस पण बोलू नको, ३ म्हणजे इथून बाहेर ने. चौथा नको. लोक हौसेने आठ-दहा खुणांची यादी करतात आणि ऐन वेळी त्यातली एकही आठवत नाही. दुसरी चूक समोरच्याची: "१" आल्यावर "नक्की ना?" विचारणं.

आता तुमची बाजू. भांडण चालू असताना खूण आली तर ती पळवाट वाटू शकते. म्हणून खूण करणाऱ्याने परत बोलायची वेळ द्यायची, निदान "उद्या" एवढं तरी. ती एकदा पुढे ढकलता येईल, दुसऱ्यांदा नाही. आणि वाचा परत आली म्हणजे माणूस सावरला असं नसतं. मूळ विषय त्याच रात्री काढू नका.

"तुला नक्की काय वाटतंय?" हा प्रश्न तर सोडूनच द्या. साधारण निम्म्या ऑटिस्टिक लोकांना स्वतःची भावना ओळखून तिला नाव देणं अवघड जातं. भूक, तहान, लघवीची जाणीवही उशिरा होते. त्यापेक्षा नंतर विचारा: शेवटचं कधी जेवलास? जबडा आवळलेला आहे का? दुपारनंतर बाथरूमला गेला होतास का? भावनेचा वाटणारा निम्मा गुंता कधीकधी पोह्यांच्या बशीने सुटतो.

मागची_खोली:
गणपतीबद्दल. आधी कागद घेऊन घरात नेमकं काय काय आदळणार आहे ते लिहा. बंद खोलीत दहा माणसांच्या झांजा. कापूर, उदबत्ती आणि मोगरा एकाच वेळी. लुकलुकणारी माळ (स्थिर उजेडावर ठेवता येते, बटण दाबून बघा). कोरा खळ असलेला कुर्ता. तो आधी दोनदा धुवा आणि मानेमागचं लेबल काढा. जेवण अडीचला. आणि वाढणाऱ्यांचा आग्रह, ज्याला आपल्याकडे कुणी आवाज म्हणत नाही, पण तो असतो.

त्याला गर्दीत "बस सगळ्यांत" असं सोडू नका. सुरुवात आणि शेवट असलेलं काम द्या: प्रसादाचे द्रोण भरणं, समईत तेल घालणं, खाली गाड्या लावून घेणं. काम करणाऱ्या माणसाला कुणी "गप्प का रे?" विचारत नाही. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं बाहेर, वीस मिनिटं आत, असं घड्याळ लावून. थकल्यावर आत जायचं ठरवलं तर उशीर होतो, कारण थकवा कळतो तोच उशिरा.

आतली खोली म्हणजे कडी असलेली खोली. आत चार्जर, पाणी, रोजचं खाणं; दहीभात असेल तर दहीभात. आणि ती खोली अडवून ठेवा! सगळी आखणी इथेच फसते. दुपारी बारापर्यंत त्या पलंगावर बायकांच्या पर्सा, दोन हेल्मेटं आणि आत्याचं झोपलेलं नातवंड असतं. पर्सांसाठी दुसरी जागा आदल्या रात्रीच ठरवा. मूल कुठे झोपणार तेही.

कानात घालायचे फोमचे बोळे पुष्कळ लोक चुकीचे घालतात. बोटांत वळून बारीक सळई करा, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वर आणि मागे ओढा, बोळा आत सरकवा, फुगेपर्यंत २०–३० सेकंद बोटाने धरून ठेवा. अर्धा बाहेर दिसत असेल तर तो बसलेला नाही, पाकिटावरच्या डेसिबलवर जाऊ नका. फोममुळे बोलणं पुसट होतं. गप्पांसाठी वादकांचे फिल्टरवाले मिळतात, त्यात शब्द कळतात. पण शांत खोलीतही दिवसभर बोळे घालून बसू नये, त्याने साधे आवाजसुद्धा पुढे टोचायला लागतात.

विसर्जनाच्या ढोल-ताशाचं गणित वेगळं. ढोलाचा ठोका छातीत बसतो, तो बोळ्याने अडत नाही, अंतराने कमी होतो. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल उतरतात. गल्लीत भिंतींमुळे तेवढेही नाही. त्याने मिरवणुकीमागून चालण्याऐवजी आधीच घाटावर जाऊन थांबावं.

आणि रजा चतुर्थीची नको, ती असतेच. विसर्जनानंतरच्या दिवसाची घ्या. त्या दिवशी भांडी परत करायलासुद्धा त्याला पाठवू नका.

नेहमीचा_वाचक:
एवढी बडदास्त ठेवली तर सवय कशी होणार? दर वेळी थोडं जास्त वेळ गर्दीत बसवा. आपोआप जमतं.

खिडकीपाशी:
ती पायरीपायरीची पद्धत भीतीसाठी आहे. झांजेची भीती वाटत नाही हो, झांज दुखते. दर वेळी थोडा जास्त वेळ बसवून दुखणं कमी होत नाही, ते लपवायची सवय लागते. "जमलं" असं दिसतं ते हेच लपवणं. प्रौढांमधलं हे लपवणं मोजायला २०१९ मध्ये २५ प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध झाली, त्यात ओळीने हेच येतं: चेहऱ्यावर भाव ठरवून आणणं, वाक्यं पाठ करणं, लोकांत असताना नाटक करतोय असं वाटणं.

त्याची किंमत नंतर वसूल होते. २०२० च्या एका अमेरिकी अभ्यासात ऑटिस्टिक प्रौढांनी स्वतः वर्णन केलेल्या बर्नआउटची तीन लक्षणं येतात: दीर्घ थकवा, येत असलेली कामं न जमणं, आवाज-उजेड पूर्वीपेक्षा कमी सोसणं, साधारणतः तीन महिने किंवा जास्त. येत असलेली कामं म्हणजे कुकर लावणं, गाडी चालवणं, बँकेत फोन करणं.

पाऊलवाट, हे नैराश्यासारखं दिसतं आणि दोन्ही एकत्रही असू शकतं, म्हणून मनोविकारतज्ज्ञाकडे जाताना ऑटिझमचा अहवाल सोबत न्या. ढोबळ फरक असा की नैराश्यात आवडीच्या विषयातला रसच आटतो; बर्नआउटमध्ये रस असतो, अंगात त्राण नसतं. "बाहेर पडा, लोकांत मिसळा" हा सल्ला दुसऱ्या प्रकारात उलटतो. जगणं नकोसं झाल्याची भाषा आली तर तपासणीच्या तारखेची वाट बघायची नाही. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

सरळ_वाक्य:
सासूबाईंच्या प्रश्नाकडे वळतो. "त्याला भावना कळत नाहीत" असं मात्र त्यांना सांगू नका, ते चूकही आहे. डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञाने २०१२ मध्ये मांडलं की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. पुढे २०२० मध्ये एडिंबरा विद्यापीठातल्या गटाने कानगोष्टींसारखा प्रयोग केला, आठ-आठ जणांच्या साखळीत गोष्ट पुढे सांगायची. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळ्यांत गोष्ट तितकीच टिकली जितकी सगळे बिगर-ऑटिस्टिक असलेल्या साखळ्यांत. मिश्र साखळ्यांत ती जास्त गळली.

आपल्या घरांत गळती कुठे होते? "कचरा भरलाय." ही माहिती आहे की आज्ञा? "जमलं तर काकांना फोन कर." तो विचार करतो, जमत नाही, करत नाही, घरात ठिणगी. "मला काही नको, राहू दे" हे तर आपल्याकडचं सर्वांत अवघड मराठी. त्याऐवजी: "रात्री ९ च्या आत ओल्या कचऱ्याची बादली खाली ठेव." सुरुवातीला सासूबाईंना हे हुकूम सोडल्यासारखं वाटेल. त्याला उलट बरं वाटतं, त्यालाच विचारून खात्री करा.

शब्दाबद्दल थोडं. स्वमग्नता हा छापील प्रतिशब्द रूढ आहे, पण घरात वापरू नका. "स्वतःतच मग्न" ऐकलं की "म्हणजे आमची पर्वा नाही" हा अर्थ लगेच चिकटतो. ऑटिस्टिक म्हणायचं की ऑटिझम असलेला, हे त्याच्यावर सोडा. आणि कुणाला किती सांगायचं हेही त्यानेच ठरवायचं, तुम्ही नाही. पूर्ण नाव न घेता "त्याला मोठा आवाज दुखतो आणि थकल्यावर बोलता येत नाही" एवढंही पुरतं.

फाईल_क्रमांक_३:
दाखल्याचं. निदानाचा अहवाल आणि दिव्यांगत्वाचा दाखला या दोन वेगळ्या गोष्टी. ऑटिझम २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत आहे. स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर अर्ज, मग सरकारी रुग्णालयात तपासणी, त्यावर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. मोजमाप आयएसएए या भारतीय प्रश्नावलीने: ४० बाबी, प्रत्येकी १ ते ५ गुण, म्हणजे एकूण ४० ते २००. सत्तरच्या खाली ऑटिझम नाही असं धरतात. गुणांवरून दिव्यांगत्वाचे टक्के ठरतात, बहुतेक सवलती ४० टक्क्यांपासून.

अडचण अशी की प्रश्नावलीचा रोख मुलांकडे आहे. वर्षानुवर्षं लपवायला शिकलेला, नोकरी करणारा माणूस समोर नीट बोलतो आणि गुण कमी पडतात. "नजर देता का?" याला "हो" हे अपुरं उत्तर आहे, "देतो, पण मग समोरचा काय बोलला ते ऐकू येत नाही" हे पूर्ण. आधाराशिवाय काय होतं ते लिहून न्या. तारखेनिशी महिन्याभराची नोंद असली तर उत्तम.

लहानपणाची माहिती लागतेच, कारण ऑटिझम मोठेपणी सुरू होत नाही. इथे सासूबाई कामाच्या, त्याची हरकत नसेल तर. "लहानपणी कसा होता?" विचाराल तर "अगदी शहाणा, त्रास नाही" एवढंच ऐकाल. नेमकं विचारा: वरण भातात कालवलेलं चालायचं का? लग्नाच्या हॉलमध्ये कुठे जाऊन बसायचा? शिवणीचे मोजे उलटे घालायचा का? पुढे वय लिहा.

फायदा तुमच्या परिस्थितीवर. जुन्या करपद्धतीत ७५,००० रुपयांची वजावट मिळते, दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००. नव्या पद्धतीत काही नाही. कायद्याचं कलम २१ खासगी आस्थापनांनाही समान संधी धोरण जाहीर करायला लावतं, ते मनुष्यबळ विभागाकडून मागून घ्या. मागणी "समजून घ्या" अशी नको: कोपऱ्यातली जागा, बैठकीचे मुद्दे आदल्या दिवशी, सूचना लेखी. अशा मागण्यांना खर्च नसतो, त्या लवकर मान्य होतात. नुसतं स्वतःला समजून घ्यायचं असेल तर दाखल्याची घाई नाही, अहवाल पुरे.

पाऊलवाट:
पर्सांचं कपाट आजच रिकामं केलं. एक राहिलं: आरतीला कानात बोळे घातलेले सासूबाईंना अपमान वाटेल. आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर काही टाकावं का?

मागची_खोली:
त्वचेच्या रंगाचे घ्या, केसांत दिसत नाहीत. दुसरा उपाय, घंटा त्याच्याच हातात द्या. आपण स्वतः काढलेला आवाज कधी येणार हे माहीत असतं, तो अनेकांना कमी टोचतो. नाहीच जमलं तर उंबऱ्याबाहेर उभं राहून निरोपाची आरती फोनवर रेकॉर्ड करायचं काम. परदेशातल्या दिराला पाठवायची म्हटलं की कुणी हरकत घेत नाही.

ग्रुपवर निदान टाकू नका. त्याला दाखवून, तो हो म्हणाला तरच एवढं: "सर्वांनी जरूर या. आरती १२ वाजता, जेवण १ ला. आतली खोली विश्रांतीसाठी राखून ठेवली आहे, सामान बाहेरच्या कपाटात ठेवावं." तेराव्या मिनिटाला कुणी "कोण आजारी आहे?" विचारेल. "कुणी नाही, या तुम्ही" म्हणायचं आणि पुढे मोदकांची संख्या विचारायची.