‘आफ्रिकन प्रिंट’ डचांचं, मग आफ्रिकेचं काय?

मकोलाची_पिशवी:
‘आफ्रिकन म्हणून मिरवतात ते कापड डचांचं. यांचं स्वतःचं असं काही नाहीच, सगळं उसनं.’ परवा दुसऱ्या एका धाग्यावर हे वाचलं, खाली टाळ्यांची रांग पाहिली आणि गॅसवरची भाजी करपली. म्हणून हा वेगळा धागा.

खरं ते आधी मान्य करते. कापड डचांचंच. जावातल्या बाटिकची यंत्रावर नक्कल करून ती जावातच खपवायची, असा त्यांचा बेत होता. हॉलंडमधल्या हेल्मंडची व्हलिस्को कंपनी १८४६ची. रंग लागू नये तिथे कापडावर राळ लावतात; तिला तडे जाऊन बारीक रेषा उमटतात, त्या जावातल्या गिऱ्हाइकाला डाग वाटल्या. गोल्ड कोस्टवर, म्हणजे आजच्या घानात, त्याच रेषांवर लोक भाळले.

पण पुढचं कुणी सांगत नाही. घानाच्या राजधानीत, अक्रात, आम्ही सात वर्षं काढली. कारखान्यातून कापड येतं ते नुसता नंबर घेऊन. नाव तिथल्या मकोला बाजारातल्या बायका देतात, आणि नाव बसलं तरच माल हलतो. उडत्या पाकोळ्यांचं कापड म्हणजे ‘पैशाला पंख असतात’. शेजारच्या फ्रेंच बोलणाऱ्या देशांत एक आहे, ‘माझ्या सवतीचा डोळा’. पिंजऱ्यातून उडणाऱ्या पाखरांचं नाव ‘तू बाहेर गेलास तर मीही जाईन’. नवऱ्याशी भांडायचं नाही, ते नेसून त्याच्यासमोरून दोन फेऱ्या मारायच्या.

आमच्या शेजारी चाळिशीतला माणूस अचानक गेला. मी आपल्या रिवाजाप्रमाणे पांढरा ड्रेस घालून गेले. तिथे सगळे लाल-काळ्यात. पांढरं-काळं त्यांच्यात पिकलं पान गळतं तेव्हा. म्हणजे मी ‘सोनं झालं’ असं सांगत उभी होते! त्याच्या मावशीने चकार शब्द न काढता आपलं काळं कापड माझ्या कमरेला गुंडाळलं. ते छापलं कुठे, हे तिथे कोण विचारत होतं?

सायझिंगवाला:
ते वाक्य माझंच. टाळ्या मी मागितल्या नव्हत्या.

ताई, तुमची गोष्ट हृद्य वगैरे आहे. पण नावं ठेवण्यात आपण मराठी माणसंही कुणाला हार जात नाही, म्हणून काही माग चालत नाहीत. नाव मकोलाच्या बाईचं, नफा हेल्मंडचा. २०१० साली ती कंपनी एका ब्रिटिश गुंतवणूकदाराने घेतली. घानातला तेमाचा कारखानाही त्याच गटाचा. उरलेल्या बाजारात चिनी नकला. याला तुम्ही परंपरा म्हणताय?

माझे वडील लालबागला गिरणीत होते. ८२चा संप झाला आणि आम्ही इचलकरंजीला मामाकडे आलो ते आलोच. त्यांच्या गिरणीच्या आवारात आता मॉल आहे आणि चिमणी तेवढी शोभेला ठेवलीय. बाहेर पाटी, ‘वारसा’. वारसा आहे हो, पगार नाही.

दुर्बीण:
दोघांचंही चुकतंय. अस्सल पाहिजे तर घानाचंच केंटे घ्या. हातमागावरच्या वीतभरसुद्धा नसलेल्या पट्ट्या, त्या जोडून केलेलं वस्त्र. २०२४ मध्ये युनेस्कोच्या यादीतही आलं. ते सोडून छापील कापडाचं काय कौतुक?

मकोलाची_पिशवी:
दुर्बीण, ती उलटी धरलीय तुम्ही. केंटेतलं रेशीम कुठलं? घानातल्या असांते राज्याचा राजा ओपोकू वारे याच्या काळात, १७३०च्या आसपास, किनाऱ्यावरून आणलेलं परदेशी रेशमी कापड उसवायचे आणि त्याचे धागे पुन्हा मागावर घालायचे. तुमचं अस्सलही उसवलेल्या मालाचंच.

बंदरावरचा:
उसवण्यावरून आठवलं. नायजेरियात पोर्ट हारकोर्टला होतो तेव्हा पाहिलंय. नायजर नदीच्या मुखाकडचे कालाबारी लोक आपल्या मद्रासच्या चौकड्यांना ‘इंजिरी’ म्हणतात. बाई मांडीवर कापड घेऊन बसते, ब्लेडने ठराविक धागे कापते आणि चिमटीने ओढून काढते. तासन्‌तास. उरलेल्या धाग्यांतून भलतीच नक्षी उभी राहते. त्याला ‘पेलेते बिते’ म्हणतात, आणि ते कालाबारींचंच. मद्रासच्या विणकराला दाखवलं तर ऊर बडवेल.

तिरपागडे:
सगळं उसनंच मोजायचं तर घानाचा फुफू, म्हणजे कांडून केलेला गोळा, ज्या कसाव्याचा, तो कंद ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी आणलेला. आणि तुमच्या एकादशीचा साबुदाणाही त्याच कसाव्याचा. आता बोला.

हळदीकुंकू:
साबुदाणा सागो नावाच्या झाडाच्या गाभ्यापासून करतात. अर्धवट माहितीवर धर्मात नाक खुपसू नये.

तिरपागडे:
तो मूळचा सागो. आपल्या वाण्याकडचा सेलमचा, कंदाच्या पिठाचा.

हळदीकुंकू:
म्हणजे माझी आजी आयुष्यभर ब्राझीलचे उपास करत होती?

तिरपागडे:
पोर्तुगालचेही. शेंगदाणे, मिरची, बटाटा, तिन्ही अमेरिकेहून त्यांच्याच मागोमाग आले. खिचडीत आपलं म्हणजे तूप आणि मीठ.

दुर्बीण:
जिरं?

तिरपागडे:
भूमध्य समुद्राकडचं.

हळदीकुंकू:
आमच्याकडे उपासाला जिरं चालतच नाही.

बंदरावरचा:
आमच्याकडे जिरं चालतं, कोथिंबीरही चालते.

हळदीकुंकू:
तुमच्याकडे काय, उपासाला सुरमईसुद्धा चालत असेल.

बंदरावरचा:
सुरमई काढायची गरज नव्हती. माझी आई निर्जळी करायची, तुमच्या कुळात तरी केली असेल का कुणी?

सायझिंगवाला:
अहो, धागा आफ्रिकेचा आहे! मी इथे शिव्या खायला तयार होऊन बसलोय आणि तुम्ही खिचडी परतताय.

मकोलाची_पिशवी:
परतू द्या, ती माझ्याच बाजूची आहे. कसावा यायच्या आधी तिथे याम कांडायचे, आपल्या कोनफळासारखा कंद. नवा कंद आला तो त्याच उखळात गेला. आमच्या मागच्या अंगणात रोज संध्याकाळी धप धप सुरू व्हायचं. एकजण उभ्याने मुसळ घालायची, दुसरी बसून, मुसळ वर गेलेलं असताना पाण्याचा हात लावून गोळा उलटायची. बोलणं चालूच. मी बघताना डोळे मिटायचे, त्यांचा ठोका कधी चुकला नाही. आणि हळदीकुंकूताई, उपासाला धान्य नको हा नियम आजीचाच ना? कंद कुठूनही येवो.

हळदीकुंकू:
हं. हे जरा नीट बोललात. त्या तिरपागड्यांना शिकवा.

सायझिंगवाला:
कांडण्याचं मान्य. नावांचंही, चला, मान्य. पैशाचं बोला.

मकोलाची_पिशवी:
बोलते. शेजारच्या टोगोत लोमेच्या ‘नाना बेंझ’ ऐकल्यात, हेच कापड विकणाऱ्या व्यापारी बायका? ठराविक नक्षी फक्त यांनाच मिळायची, मग इतरांनी त्यांच्याकडून घ्यायची. इतका पैसा केला की मर्सिडीझ घेतल्या, म्हणून हे नाव. परदेशी पाहुणे आले की सरकार त्यांच्या गाड्या मागून न्यायचं.

सायझिंगवाला:
आणि जानेवारी १९९४ मध्ये सीएफए फ्रँक, म्हणजे तिथलं चलन, निम्म्यावर आणलं, तेव्हा? बाहेरचा माल एका रात्रीत दुप्पट महाग. मग चिनी माल घुसला आणि बहुतेकींचा धंदा बसला. पैशाला खरंच पंख फुटले, तुमच्या पाकोळ्यांसारखे. कापड स्वतःचं असतं तर?

मकोलाची_पिशवी:
हा मुद्दा तुमचा. लिहायला जड जातंय.

सायझिंगवाला:
स्क्रीनशॉट काढून ठेवतो. बरं, ते पाकोळ्यांचं तुमच्याकडे आहे का? उलट बाजू बघा. अस्सल वॅक्सला, म्हणजे या राळेच्या छपाईच्या कापडाला, उलट-सुलट नसतं, रंग दोन्हीकडे सारखा. आणि काठावर कंपनीचं नाव छापलेलं असतं.

मकोलाची_पिशवी:
सहा वार आहे. पूर्ण किंमत मोजून घेतलंय, ओळखीच्या बाईकडून. थांबा, कपाट उघडते.

मकोलाची_पिशवी:
काठावर ‘गॅरंटीड डच वॅक्स’ एवढंच. कंपनीचं नाव नाही. उलट बाजू फिकी.

तिरपागडे:
😂😂😂

सायझिंगवाला:
हसू नका हो. ताई, किती धुण्या झाल्या?

मकोलाची_पिशवी:
वीस-पंचवीस.

सायझिंगवाला:
रंग गेला?

मकोलाची_पिशवी:
सुलट बाजूचा नाही गेला.

सायझिंगवाला:
मग चिनी असलं तरी माल बरा निघाला. अस्तर लावून शिवा.