'आत्महत्या प्रतिबंध' आणि 'बरंवाईट'

मुळशीकर : प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या आशाताईंसाठी पुस्तिका लिहितोय. 'आत्महत्या प्रतिबंध' हे शीर्षक चालेल का? मला 'प्रतिबंध' म्हटलं की गुटखाच आठवतो. आणि रुग्णाला विचारायचं वाक्य असं केलंय : 'जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का?'

सदाशिवपेठी : 'प्रतिबंधक लस' म्हणताना कुठे बंदी आठवते? शीर्षकात राहू द्या. मजकुरात 'रोखणे' लिहा. 'टाळणे' नको, टाळतो ते लग्नाचं आमंत्रण.

सिस्टर : शीर्षक कोण वाचतंय, दादा! प्रश्न बदला. 'बरंवाईट' आमच्याकडे कशालाही म्हणतात. बाई सरळ म्हणेल, 'हो ना, सासूबाईंचं काही बरंवाईट झालं तर, याचीच धास्ती आहे.' ओपीडीत 'मला नैराश्य आहे' असं सांगत कोणी येत नाही. झोप नाही, अंग दुखतं, छातीत धडधडतं, जेवण जात नाही, एवढंच सांगतात. तिथून सुरुवात करायची. मग 'जगणं नकोसं होतं का?' आणि मग स्पष्ट, 'जीव द्यावा असं मनात येतं का?' थेट विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत खोटी आहे. उलट माणूस मोकळा होतो. 'हो' म्हणाला तर एकटं सोडायचं नाही, लगेच डॉक्टरांना सांगायचं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर पुस्तिकेत मोठ्या अक्षरात छापा. फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलतात.

वकीलसाहेब : 'आत्महत्या केली' यातलं 'केली' मला खटकतं, चोरी केली तसं. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ सांगतं की असा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही. आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुन्या दंड संहितेतलं कलम ३०९ तर १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत उरलंच नाही.

सदाशिवपेठी : मग 'आत्महत्येने मृत्यू' म्हणा. 'जीवनयात्रा संपवली' हे बातमीदारांचं लाडकं, पण नकोच, उगाच काव्य होतं. 'अयशस्वी प्रयत्न' तर खोडाच. वाचला, यात अपयश कसलं?

मुळशीकर : 'प्रयत्नातून वाचलेली व्यक्ती' केलं. पुढे 'मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवा' असं आहे.

सिस्टर : 'सोबत घेऊन जा' लिहा. पुण्यात 'पाठवते' म्हटलं की लोकांना येरवड्याचं मनोरुग्णालयच ऐकू येतं.