पावसाळ्यानंतर जेट-स्कीचे एक सिलिंडर कमजोर : व्हॉल्व्ह की रिंग?

प्रश्न (कांदोळी)
माझी तीन सिलिंडरची फोरस्ट्रोक जेट-स्की पावसाळ्याचे चार महिने उभीच होती. ऑक्टोबरमध्ये सुरू केली तेव्हापासून इंजिन मिस मारते आणि वेग निम्म्यावर आला आहे. प्लग व कॉइल अदलाबदल करून पाहिले, तरी दोष तिसऱ्याच सिलिंडरमध्ये राहतो. कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) पहिल्या दोघांत १६५ व १६०, तिसऱ्यात मात्र ७० पीएसआय भरले. ऑइल दुधाळ झालेले नाही, म्हणजे त्यात पाणी मिसळलेले दिसत नाही. मिस्त्री थेट हेड (व्हॉल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग) उतरवायला सांगतात. त्याआधी व्हॉल्व्हचाच दोष आहे, हे कसे ठरवावे?

उत्तर (म्हापसा)
बॅटरी पूर्ण चार्ज करून, तिन्ही प्लग काढून आणि थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून पुन्हा मोजावे. मग तिसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून गेज लावावा. आकडा बराच वाढला, तर पिस्टनच्या रिंगांवर संशय घ्यावा. जेमतेम हलला, तर व्हॉल्व्हवर. शेजारच्या दोन सिलिंडरचा दाब सारखाच कमी भरला असता, तर मी आधी हेड गॅस्केटकडे पाहिले असते.

उत्तर (वास्को)
वरील चाचणी दिशा दाखवते, पण नेमकी जागा हवेचा दाब देऊनच कळते. तिसरा पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून, म्हणजे सगळे व्हॉल्व्ह मिटलेले असताना, प्लगच्या भोकातून हवा सोडावी. क्रँक झटक्याने फिरू शकतो, म्हणून हात दूर ठेवावा. थ्रॉटल बॉडीत फुसफुस ऐकू आली तर इनटेक व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा, आणि मागच्या एक्झॉस्टमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. वॉटरबॉक्समध्ये (एक्झॉस्टच्या वाटेवरच्या डब्यात) पाणी साठलेले असल्यास तिथे फुसफुशीऐवजी गुडगुड ऐकू येते, त्यामुळे नवखे फसतात.

आपल्या बाबतीत माझा संशय एक्झॉस्टवरच आहे. इंजिन बंद झाले तेव्हा ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल, त्याच्या सीटवर (व्हॉल्व्ह मिटताना टेकतो त्या कडेवर) वॉटरबॉक्समधली खारट वाफ चार महिने बसली असणार. मात्र इंजिनात शिमची (अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्यांची) रचना असेल, तर आधी टॅपेटचे अंतर, म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्हच्या यंत्रणेतली मोकळी फट, मोजावे. अंतर उरलेच नसेल, तर धडधाकट व्हॉल्व्हही पूर्ण मिटत नाही आणि हेड विनाकारण उतरते.

प्रश्नकर्ता
उभयतांचे आभार. ऑइल टाकल्यावर आकडा ७० वरून ७५ झाला. टॅपेटचे अंतर ठीक निघाले. हवा सोडताच मागे गुडगुडले. मग प्लगच्या भोकातून कॅमेरा घालून क्रँक हाताने सावकाश फिरवला, तेव्हा दोनपैकी एका एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेला तपकिरी, खरबरीत चंद्रकोर दिसली. फोटो मिस्त्रींना दाखवला आहे. आता हेड उतरवून सीट तपासणार आहोत.

उत्तर (वास्को)
तो व्हॉल्व्ह नुसता घासून परत बसवू देऊ नये. सीटवर खड्डे पडले असतील तर सीट कापून घ्यावी आणि व्हॉल्व्ह नवा घालावा. जोडण्यापूर्वी पोर्टमध्ये रॉकेल ओतून ते गळते का, हे स्वतः उभे राहून पाहावे.