विषयांच्या तासिकेत संगणकशास्त्र: टाचणापुरते की खरोखरीचे?

प्रश्न (खडूफळा)

पुण्यातील एका अनुदानित मराठी माध्यमाच्या शाळेत मी सहावी ते नववीच्या वर्गांना विज्ञान आणि भूगोल शिकवते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचे उपक्रम सुचवलेले आहेत. त्याचा आधार घेऊन आमच्या मुख्याध्यापकांनी यंदा असे ठरवले आहे की संगणकाचा वेगळा तास चालू ठेवूनच, प्रत्येक विषयशिक्षकाने आपल्या टाचणात अल्गोरिदम (ठरलेल्या पायऱ्यांची रीत), अट, लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करणे), माहितीची मांडणी यांपैकी एखादी संकल्पना गुंफून दाखवावी. हेतूबद्दल माझी तक्रार नाही. परंतु संगणक कक्ष एकच आहे, त्यातले निम्मे संगणक बहुधा बंद असतात, वर्गाचा पट साठाच्या घरात आहे आणि तासिका पस्तीस मिनिटांची आहे.

याआधीच्या एका प्रशिक्षणात आम्हांला चहा करण्याचा फ्लोचार्ट काढायला लावला होता. परिणाम असा झाला की त्या सहामाहीत मराठीच्या वहीत चहा, विज्ञानाच्या वहीत चहा आणि शारीरिक शिक्षणाच्या नोंदवहीतही चहाच उकळत राहिला. मुलांना ना चहा करता आला, ना अल्गोरिदम समजला.

म्हणून माझी विचारणा नेमकी आहे. संगणकाला हात न लावता, विषयाचा घटक बाजूला न सारता, आणि मुख्य म्हणजे त्या विषयाची समज वाढेल अशा रीतीने हे कोणी प्रत्यक्ष वर्गात केले आहे का? केले असल्यास कोणत्या इयत्तेत आणि कोणत्या पाठात, हे कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ (गणमात्रा)

मी मराठी शिकवतो. माझ्या विषयात याला सर्वांत चांगली जागा व्याकरणात आहे आणि तीही वृत्तांत, कारण वृत्त ओळखणे हे मुळातच ठरलेले नियम ठरलेल्या क्रमाने चालवण्याचे काम आहे. एरवी मुले गण, म्हणजे तीन-तीन अक्षरांचे गट, पाठ करतात आणि परीक्षेत अंदाजाने वृत्ताचे नाव ठोकून देतात.

मी नववीच्या वर्गात असे करतो. अर्ध्या गटांनी लघु-गुरू खुणा करण्याचे नियम लिहायचे, तेही अशा माणसासाठी की ज्याला देवनागरी अक्षरे ओळखता येतात पण मराठी येत नाही. उरलेल्या गटांनी ते नियम जसेच्या तसे पाळायचे. स्वतःची अक्कल वापरायची नाही. पहिल्या खेपेस साधारणपणे चार नियम येतात: ऱ्हस्व अक्षर लघू, दीर्घ अक्षर गुरू, अनुस्वार किंवा विसर्ग असलेले अक्षर गुरू, आणि जोडाक्षराच्या आधीचे अक्षर गुरू. मग मी फळ्यावर मुद्दाम जुळवलेली एक ओळ लिहितो:

उन्हाने तपे ही मुठेची किनारी

हे भुजंगप्रयात आहे, म्हणजे चार वेळा ‘य’ गण: लघू, गुरू, गुरू. मुले मोठ्याने म्हणतात तेव्हा चाल चोख बसते. परंतु नियम पाळणारा गट ‘न्हा’ हे जोडाक्षर पाहून त्याआधीच्या ‘उ’ला गुरू ठरवतो, पहिला गण ‘य’ऐवजी ‘म’ (तिन्ही गुरू) होतो आणि वृत्त मोडते. कान एक सांगतो, नियम दुसरेच सांगतो. येथे वर्गात जो वाद होतो, तो त्या तासाचा गाभा असतो. ‘सत्य’ म्हणताना ‘स’वर आघात येतो, ‘उन्हाने’ म्हणताना ‘उ’वर येत नाही, हे मुलांच्या स्वतःच्या तोंडून निघते. मग ती नियम दुरुस्त करतात: आघात येत असेल तरच गुरू. लगेच पुढची अडचण उभी राहते, कारण मराठी न येणाऱ्या माणसाला आघात कसा कळणार? त्यासाठी मुले न्ह, म्ह, ल्ह, व्ह, ऱ्ह अशी यादी करतात. तेवढ्यात कोणीतरी ‘तुझ्या’ हा शब्द पुढे करतो आणि यादी पुन्हा अपुरी पडते. अट, अपवाद, नियमांचा क्रम आणि नियम फसवणारे उदाहरण शोधणे हे सारे त्यात आले, आणि मराठी उच्चाराचा जो अभ्यास झाला तो पाठ्यपुस्तकातील दोन ओळींच्या टीपेने कधीच झाला नसता.

गण आठच का, हाही प्रश्न त्याच तासाला सुटतो. जागा तीन, प्रत्येक जागी दोनच शक्यता, म्हणून दोन गुणिले दोन गुणिले दोन. नववा गण असूच शकत नाही. ‘यमाताराजभानसलगा’ या दहा अक्षरांवरून तीन-तीन अक्षरांची चौकट एकेक घर पुढे सरकवत गेले की आठही गण एकदाच येतात, हे मुले स्वतः पडताळून पाहतात. पिंगलाच्या छंदःशास्त्रात लघु-गुरूंच्या सर्व मांडण्या क्रमाने लिहून काढण्याची ‘प्रस्तार’ नावाची रीत आहे, तेही मी सांगतो. मात्र म्हणून पिंगलाने संगणक शोधला, असे विधान मी वर्गात कोणाला करू देत नाही.

उत्तर २ (हातचा एक)

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. गणितात तर शोधायला लांब जावे लागत नाही. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांचे शिक्षण आपल्याच फर्ग्युसन महाविद्यालयात झाले होते, आणि त्यांनी १९४९ मध्ये मांडलेली ६१७४ ची रीत सहावीच्या मुलालाही करता येते. चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडा, मोठीतून लहान वजा करा आणि जे उत्तर येईल त्यावर पुन्हा तेच करा. ३५२४ घेतल्यास ५४३२ वजा २३४५ बरोबर ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ बरोबर ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४. आणि पुढे कितीही वेळा केले तरी ६१७४ च. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तेथे पोहोचता येते.

मी कृती तोंडी सांगतो आणि मुलांना ती लेखी सूचनांत उतरवायला लावतो. थांबायचे केव्हा, हे पहिल्या मसुद्यात कोणीच लिहीत नाही. दुसरी गंमत २१११ या संख्येने होते. २१११ वजा १११२ बरोबर ९९९. ज्याने ही तीन अंकी संख्या मानली त्याच्याकडे ९९९ वजा ९९९ होऊन शून्य उरते, आणि ज्याने ०९९९ लिहिले तो ६१७४ ला पोहोचतो. दोघांची वजाबाकी बरोबर, सूचना मात्र अपुरी: ‘नेहमी चार घरे ठेवा’ हे वाक्य राहून गेलेले असते. चारही अंक सारखे असलेली संख्या का चालत नाही, हेही मुले स्वतः शोधतात. शून्यावरून हातचा घेण्याची जी वजाबाकी एरवी मुले टाळतात, ती या निमित्ताने पानेच्या पाने करतात, आणि माझ्या दृष्टीने हा तास घेण्याचे खरे कारण तेच आहे.

उत्तर ३ (रुमाल)

मी थोडा विरोधी सूर लावतो. इतिहासात फ्लोचार्ट आणू नयेत, असे माझे ठाम मत आहे. एका आदर्श पाठात पानिपताचा फ्लोचार्ट पाहिला होता: ‘रसद मिळाली का?’ या चौकटीतून एक बाण विजयाकडे, दुसरा पराभवाकडे. मुलांना तो फार आवडला, आणि अडचण तीच आहे. घडलेली गोष्ट तशीच घडणार होती आणि तिची कारणे एकामागून एक ओळीने उभी होती, अशी समजूत करून देणारी आकृती इतिहासाची समज वाढवत नाही, तिचा संकोच करते. प्रत्येक विषयाला प्रत्येक संकल्पना लागू करण्याचा आग्रह मुख्याध्यापकांनी सोडावा, एवढे आपण त्यांना विनयाने सांगावे.

तरीही एक जागा मला उपयोगाची वाटते, आणि ती आहे नोंदींची मांडणी. पुण्यातील पेशवे दफ्तरातील मोडी कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. त्यातून हवा तो कागद सापडायचा, तर कोणी, कोणाला आणि केव्हा लिहिला याची नोंद एकसारख्या पद्धतीने व्हावी लागते. यातल्या ‘केव्हा’पाशीच खरी गोम आहे. मी आठवीच्या मुलांना चार चिठ्ठ्या देतो. एकीवर राज्याभिषेक शक ८७, दुसरीवर शुहूर सन ११६१, तिसरीवर शके १६८२ आणि चौथीवर इ. स. १७६१ असे लिहिलेले असते. महिना चारही ठिकाणी पौषाचा, म्हणजे जानेवारीचा. ‘कालक्रमाने लावा’ म्हटले की मुले आकड्यांच्या चढत्या क्रमाने लावून मोकळी होतात. प्रत्यक्षात चारही चिठ्ठ्या एकाच महिन्याच्या आहेत, पानिपताच्या.

मग रूपांतराचे नियम काढायचे. शके सालात ७८ मिळवायचे, पण जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या दिवसांसाठी ७९. शुहूर सनाचे वर्ष सूर्याच्या मृगप्रवेशाला बदलते, म्हणून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून ६००. राज्याभिषेक शकाला त्याच रीतीने १६७३ किंवा १६७४. क्रम लावण्याआधी सगळ्या नोंदी एका मापात आणाव्या लागतात हा संगणकशास्त्राचा धडा झाला. पेशवाईतला माणूस एकाच वेळी किती कालगणनांत जगत होता, हा इतिहासाचा. दुसरा नसता, तर पहिल्यासाठी मी तासिका खर्च केली नसती.

खडूफळा

आपणां सर्वांचे आभार. फ्लोचार्टविषयीचे मत मी मुख्याध्यापकांपुढे ठेवीन. भूगोलासाठी असे काही सुचते का? आणखी एक शंका अशी की हे तपासायचे कसे? घटक चाचणीत ‘अल्गोरिदम म्हणजे काय?’ असा प्रश्न घालण्याचा मोह अनेकांना होणार, हे मला आत्ताच दिसते आहे.

उत्तर ४ (पालक, हिंजवडी)

मी शिक्षक नाही. सॉफ्टवेअरच्या व्यवसायात आहे आणि मुलगी आठवीत आहे. पुण्याच्या भूगोलात याचे उत्तम उदाहरण दर पावसाळ्यात वर्तमानपत्रात छापून येते, ते म्हणजे खडकवासला साखळीतील धरणांचा साठा. क्षमता अशा आहेत: टेमघर ३.७१, वरसगाव १२.८२, पानशेत १०.६५ आणि खडकवासला १.९७ टीएमसी, एकूण २९.१५. ‘खडकवासला शंभर टक्के भरले’ ही बातमी वाचून घरोघरी आनंद होतो, परंतु वरसगाव नुसते २० टक्के भरले तरी त्यात सुमारे २.५६ टीएमसी, म्हणजे काठोकाठ भरलेल्या खडकवासल्यापेक्षा अधिक पाणी असते. टक्के आणि प्रत्यक्ष साठा हे दोन वेगळे स्तंभ मुलांनी मांडले की ही गोष्ट न सांगता कळते.

त्यापुढे एक तक्ता वहीत करता येतो. वरची तीन धरणे पाणी सोडतात ते खडकवासल्यात येते आणि तेथून ते मुठेत किंवा कालव्यात जाते. समजा, खडकवासल्यात १.५० टीएमसी पाणी आहे, येवा (आत येणारे पाणी) २०,००० क्युसेक आणि विसर्ग (सोडलेले पाणी) १०,००० क्युसेक. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट आणि टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट; म्हणून तासाला ३,६०० सेकंद धरून साठा ०.०३६ टीएमसीने वाढेल. प्रत्येक ओळीत मागच्या ओळीतील साठा घ्यायचा, त्यात येवा मिळवायचा, विसर्ग वजा करायचा आणि खाली उतरायचे. तेराव्या तासाअखेर साठा १.९६८ होतो, म्हणजे धरण भरलेच. आता अट घाला: साठा १.९० च्या वर गेला की विसर्ग येव्याइतका करायचा. बाराव्या तासाला ही अट लागू होते, साठा १.९३२ वर स्थिरावतो, पण खाली मुठेतले पाणी दुप्पट होते. भिडे पूल वाहतुकीला का बंद करतात, हे त्या ओळीपाशी मुलांना विचारावे. अट १.७० वर आणली तर काय होईल, हेही करून पाहू द्यावे. विसर्ग लवकर वाढेल, परंतु धरणात जागा शिल्लक राहील.

तक्ता पूर्ण झाल्यावर त्यात आपण काय धरले नाही, याची यादी मुलांकडून करून घ्यावी: कालवे, धरणाच्या भोवतीचा पाऊस, बाष्पीभवन, वरच्या धरणांतून निघालेले पाणी पोहोचायला लागणारा वेळ. आमच्या धंद्यात नवख्या माणसाला ही यादी करण्याची सवय लावायलाच सर्वांत जास्त वेळ लागतो. मुलीच्या कोडिंगच्या शिकवणीत स्क्रीनवर हलणारी मांजर पाहिली आहे. तिच्यापेक्षा हा वहीतला तक्ता माझ्या कामाच्या अधिक जवळचा आहे.

गणमात्रा

तपासण्याबद्दल लिहायचे राहिले. व्याख्या विचारू नये. मी एक चुकीचा किंवा अपुरा नियम छापून देतो आणि तो कोणत्या शब्दावर फसेल तो शब्द मागतो. उदाहरणार्थ, ‘दीर्घ अक्षर गुरू, बाकी सर्व लघू’ हा नियम ज्यावर चुकेल असा एक शब्द लिहा आणि कारण सांगा, गुण दोन. ‘सत्य’ किंवा ‘पुष्प’ लिहिणाऱ्याला पूर्ण गुण मिळतात. ‘तुम्हा’ लिहिणाऱ्याने जोडाक्षर पाहिले, परंतु आघात ऐकला नाही. तेथे तो नियम योगायोगाने बरोबरच उत्तर देतो, म्हणून गुण नाहीत. ताईंना भूगोलात असाच प्रश्न धरणांच्या तक्त्यावर काढता येईल: एका ओळीत ३,६०० ने गुणायचे विसरलेला तक्ता द्यावा आणि चूक कोणत्या तासापासून सुरू झाली ते विचारावे. टाचणात अध्ययन निष्पत्ती मात्र विषयाचीच लिहावी, आणि संगणकशास्त्राच्या संकल्पनेचे नाव शेरा या रकान्यात जाऊ द्यावे.