कोळसा ठीक, पण त्याआधीचं काय?
वर कुणीतरी म्हणालंय की बिनबियांच्या झाडांनी (नेचे, मॉस वगैरे) पृथ्वीला दिलं काय तर दगडी कोळसा. युरोप-अमेरिकेपुरतं बरोबर आहे, पण आपला चंद्रपूरचा कोळसा नंतरचा, बहुतांशी ग्लॉसोप्टेरिस या आता नामशेष झालेल्या झाडाचा, आणि त्याला बिया होत्या. खरं काम तर कितीतरी आधी झालंय राव. पावसात साताऱ्याजवळच्या यवतेश्वर घाटातल्या दगडावरचं मॉस नखानं जरा उचकटून बघा, खाली चिमूटभर काळी माती निघते. त्याला धड मुळं नसतात तरी आम्लं सोडून ते दगड झिजवतं. सुमारे 47 कोटी वर्षांपूर्वी असल्याच बुटक्या वनस्पतींनी उघड्या खडकावर हेच केलं, त्यातला फॉस्फरस समुद्रात गेला, त्यावर तिथली शेवाळं फोफावली, त्यामुळे हवेतला कार्बन डायऑक्साइड घटला आणि त्यानंतर आलेल्या हिमयुगाला त्यांचाच हातभार लागला असं काही संशोधक मानतात.