मामा तलावातली बेशरम काढायला पैसा कुठून आणावा?

तलावकाठ (गोंदिया): आमचा माजी मालगुजारी (मामा) तलाव, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातला. सिंचन 100 हेक्टरच्या आतलं, म्हणून जिल्हा परिषदेचा. मासेमारीचा ठेका आमच्या ढिवर मच्छीमारांच्या सहकारी संस्थेकडे. अर्धा तलाव बेशरमीच्या झुडपांनी भरलाय. मरळ मासळी दिसेनाशी झाली. विकतची बोटुकली (माशांची पिल्लं) सोडतो नि ठेका भरतो. ऑगस्टात पाऊस दडी मारतो, धानाला पाणी सुटतं, उरलेल्या कोमट पाण्यात मासे मरतात. मध्यंतरी एका कंपनीचे साहेब आले. म्हणे, पाळीवर (तलावाच्या बांधावर) झाडं लावून देतो, फलकासकट! अहो, मुळं पाळ फोडतात. आम्हाला हवी उन्हाळ्यात बेशरम काढणाऱ्या 30 बायांची मजुरी. ती कोणी देईना.

धानवाला: भाऊ, ग्रामसभेचा ठराव करून रोहयोच्या आराखड्यात टाका. शिवाय तलावातला गाळ काढून शेतात टाकायची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहेच.

तलावकाठ: त्याचं अनुदान शेतकऱ्याला, एकरी 15,000, अडीच एकरांपर्यंत. आमच्यातल्या निम्म्यांना शेतच नाही. गाळ जातो दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत, आणि जेसीबी काठाची उथळ जागाही खरवडतो. मरळ अंडी तिथंच घालते ना! रोहयोचं विचारतो.

हिशोबवाली (नागपूर): सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजकामाला द्यायचा पैसा मच्छीमार सहकारी संस्थेला सहसा थेट मिळत नाही. प्राप्तिकराची 12अ, 80जी नोंदणी, सीएसआरची कामं घ्यायला लागणारी सीएसआर-1 नोंदणी आणि तीन वर्षांच्या कामाचा अनुभव असलेली संस्था मध्ये लागते. तशी गाठा, पण करारात लिहून घ्या: मजुरी बायांच्या खात्यात, काय उपटायचं नि काय ठेवायचं ते तुमची संस्था ठरवणार, काम तीन वर्षं. एका उन्हाळ्यात बेशरम जाते होय?

तलावकाठ: कुठली जाते ताई! बोटभर तुकडा चिखलात राहिला की पुन्हा फुटते. मुळासकट खणून पाळीवर वाळवावी लागते. पण साहेब म्हणतात 31 मार्चच्या आत खर्च दाखवा. आमचं पाणी उतरतं एप्रिल-मेमध्ये.

हिशोबवाली: त्याला वाट आहे. कंपनीनं काम ‘ऑनगोइंग प्रोजेक्ट’ (एका वर्षापुढं चालणारं काम) म्हणून मंजूर केलं, तर उरलेली रक्कम वेगळ्या बँक खात्यात ठेवून पुढची तीन आर्थिक वर्षं वापरता येते. त्यांच्या सीएला हे माहीत असतं, सांगत नाहीत इतकंच.

धानवाला: ठेक्याची मुदत किती उरली? साफ तुम्ही करणार आणि लिलावात दुसराच घेणार, असं व्हायचं.

तलावकाठ: एकच वर्ष. आधी मुदतवाढीचा अर्ज टाकतो, मग साहेबांना फोन.