भिंतीवर पानं चिकटवली की वास्तू निसर्गाची होते का?

झरोका: मी इंटिरियरची कामं करते. गेल्या महिन्यात एका ऑफिसात शेवाळाची भिंत बसवली. शेवाळ ग्लिसरीनमध्ये टिकवलेलं, म्हणजे मेलेलंच. मागे प्लाय आणि गोंद. समोरची काच उघडत नाही, पश्चिमेचं ऊन थेट टेबलांवर, एसी दिवसभर चालू. निघताना मला अपराधी वाटलं. निसर्गाचं रूप नको, रीत घ्या. हरारेच्या ईस्टगेट सेंटर या ऑफिस-दुकानांच्या इमारतीला (१९९६) वास्तुविशारद मिक पीअर्स यांनी वाळवीच्या वारुळात हवा कशी खेळते, यावरून कल्पना घेतली. रात्रीची गार हवा पंख्यांनी मजल्यांमधल्या पोकळीतून खेळवतात, काँक्रीट गार होतं, दिवसा तोच गारवा खोल्यांत उतरतो. नेहमीचा एसी बसवलेलाच नाही.

पारवा: हे उदाहरण सगळे देतात, पण २००८ साली टर्नर आणि सोअर या संशोधकांनी मांडलं की वारुळाच्या आतलं तापमान मुख्यतः भोवतालच्या जमिनीमुळे टिकतं. वरचा मनोरा फुप्फुसासारखा, वायूंची देवाणघेवाण करणारा. म्हणजे रीत नीट कळली नव्हती, तरी इमारत चालते! हरारे सुमारे १५०० मीटर उंचीवर, तिथल्या रात्री गार आणि काँक्रीट जड, म्हणून चालते. एवढ्यासाठी तत्त्वज्ञान कशाला?

रात्रपाळी: रूपाला इतकं कमी लेखू नका. मी नर्स आहे. रॉजर उलरिच यांचा १९८४ चा अभ्यास पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या ४६ रुग्णांचा होता. निम्म्यांना खिडकीतून झाडं दिसत, निम्म्यांना विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. आमच्याकडेही पेशंट खिडकीजवळची खाट मागून घेतात, अगदी उठून बसता येत नसलं तरी.

झरोका: पण ती झाडं खरी होती, वाऱ्याने हलणारी. पारवा, वारुळाचं विज्ञान चुकलं हे मान्य. तरी यंत्र बसवण्याआधी 'हवा आपोआप कशी फिरेल' हा प्रश्न त्या वारुळानेच विचारायला लावला ना?

पारवा: खरी झाडं हवीत? मिलानचं बॉस्को व्हर्टिकाले बघा, २०१४ चं, बाल्कन्यांत झाडं लावलेले राहत्या घरांचे मनोरे. तीन मीटरहून जास्त पुढे आलेल्या बाल्कन्या, त्यांवर मातीचा भार, म्हणजे जास्तीचं काँक्रीट. छाटणीला माळी दोरावरून खाली उतरतात. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनापैकी सुमारे ८ टक्के एकट्या सिमेंटचं. जिवंत झाडं आहेत म्हणून हा हिशेब माफ होत नाही.

रात्रपाळी: हिशेब तुमचा बरोबर असेल, पण तिथे राहणाऱ्याला सकाळी पान दिसतं, त्याचं काय मोल धरता? आणि झरोका, त्या ऑफिसातली काच उघडती करता येईल का?

झरोका: दोन तावदानं करता येतील. उद्याच सुचवते. पश्चिमेला जाड पडदेही लावू. शेवाळ मात्र त्यांना काढायचं नाहीये.

पारवा: पडदे आतून नकोत. ऊन एकदा काचेतून आलं की उष्णता आतच राहते. काचेबाहेर उभ्या लाकडी पट्ट्या लावा, मावळतीचं तिरपं ऊन तिथेच अडेल. शेवाळाबद्दल माझं मत बदललेलं नाही.